शनिवारच्या सहा बटऱ्या

माझ्या दुकानात वडापावचा पाव मिळत नाही. दादरला बेकरी आहे म्हटल्यावर माणसं पहिल्यांदा तेच मागतात, आणि नाही म्हटलं की मी त्यांच्या आजोबांचा अपमान केल्यासारखं बघतात. माझ्याकडे आगाऊ सांगितलेले पाव होतात, आणि सांगणारे बहुतेक परदेशात राहून परत आलेले असतात.

अशा माणसाला तिथलं काय आठवतं म्हणून विचारा. आधी रस्ते, शिस्त, स्वच्छ हवा असं काहीबाही सांगेल. पाच मिनिटांनी गाडी सकाळच्या खाण्यावर येते. याचं कारण मला धंद्यात पडल्यावर कळलं. दुपारी डबा घरचा, रात्री वरणभात घरचा. सकाळी कामावर जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून घेतलेला पाव एवढंच त्या देशाचं खरं अन्न या माणसांच्या पोटात गेलेलं असतं. त्यामुळे तेच आठवतं, आणि भयंकर बारकाईने आठवतं.

एक निवृत्त बँक अधिकारी जर्मनीत राहिलेले. त्यांना राय नावाच्या धान्याचा काळा, आंबट पाव हवा होता. केला. म्हणाले, "परब, फार मऊ झालाय. तिथला कापताना माझा खांदा दुखायचा." दुसऱ्या वेळी तोच पाव तीन दिवस ठेवून दिला. खांदा चोळत आले आणि पुढच्या महिन्याची ऑर्डर देऊन गेले. एक बाई इस्तंबूलला होत्या. त्यांना तीळ लावलेलं पावाचं कडं हवं होतं. खाऊन म्हणाल्या, "चव तीच आहे हो, पण समोर समुद्र नाही." मी म्हटलं, चौपाटी दहा मिनिटांवर आहे. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर म्हणाल्या, "गेले होते. कुत्र्याने नेलं."

ही हसण्यासारखी गिऱ्हाइकं. जिच्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट हसण्यासारखी नाही. तिच्यातली नावं मी बदलली आहेत. शहर बदलता येत नाही, कारण तो पदार्थ त्या एकाच मुलखात होतो.

मी लालबागचा. वडील गिरणीत, गाव मालवणकडचं. केटरिंगचा कोर्स करून फोर्टमधल्या एका हॉटेलात लागलो आणि पंचविशीत स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात एका हॉटेलच्या किचनमध्ये गेलो. करड्या दगडाचं, वाऱ्याचं, तेलाच्या कंपन्यांचं शहर. दोन वर्षांत ते हॉटेल बंद पडलं आणि मी जवळच्या एका बेकरीत कामाला लागलो. मालकाचं नाव जॉर्ज. तिथे मी नऊ वर्षं काढली.

त्या शहरात सकाळी बटरी खातात. तळहाताएवढी, चपटी, वेडीवाकडी, तपकिरी. एखाद्या पापुद्रेदार फ्रेंच क्रॉसाँवर कोणीतरी चुकून बसल्यासारखी दिसते. चवीला खारट, आत पापुद्रे. गरम करायची, उलटी करायची आणि सपाट बाजूवर जॅम लावायचा. जॉर्ज सांगायचा की ही मूळची कोळ्यांची. बोटीवर आठवडाभर पाव टिकायला हवा म्हणून कोणीतरी पिठात मीठ आणि स्निग्ध पदार्थ ठासून भरला. मी कोकणातला, मला ही गोष्ट लगेच पटली.

मी तिथे लागून पंधरा दिवस झाले होते. तेव्हा माझ्याकडे ट्रे धुणं आणि काउंटर पुसणं एवढंच काम होतं. एका शनिवारी सकाळी काउंटरपलीकडून मराठी ऐकू आलं.

"मुंबईचे का तुम्ही?"

वैद्यसाहेब. तेलकंपनीत इंजिनिअर, मूळचे ठाकूरद्वारचे. सोबत पाच-सहा वर्षांचा मुलगा, निखिल. सहा महिन्यांनी कोणीतरी माझ्याशी मराठीत बोलत होतं. मला एवढा आनंद झाला की हातातलं फडकं खाली पडलं. त्यांनी बटरीकडे बोट दाखवून विचारलं, "यात काही अंडंबिंडं नाही ना? आम्ही पक्के शाकाहारी. मिसेस तर कांदासुद्धा चातुर्मासात खात नाही."

मी म्हटलं, "छे हो साहेब. नावातच बटर आहे."

मी खोटं बोललो नव्हतो. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. त्यांनी सहा घेतल्या.

त्यानंतर दोन आठवड्यांनी जॉर्जने मला थंड खोलीतून चरबीच्या विटा आणायला सांगितलं. पांढऱ्याशुभ्र, कागदात गुंडाळलेल्या. कागदावर डुकराचं चित्र होतं. मी विचारलं, ही कशात जाते? तो म्हणाला, "बटरीत. अजून कशात?"

तेव्हा मोजके पदार्थ सोडले तर कशावरही काय घातलंय ते लिहिलेलं नसायचं. कागदी पिशवीत घालायचं आणि द्यायचं. मी स्वतः सगळं खाणारा, मला काही वाटलं नाही. वैद्यांची आठवण झाली तेव्हा मात्र हातातली वीट खाली ठेवली. ठरवलं, शनिवारी सांगायचं. शनिवारी ते आले, निखिलला काउंटरवर बसवलं आणि म्हणाले, "परब, आमच्या घरात शनिवारी पोहे बंद झाले तुमच्यामुळे. ही म्हणते, परदेशात आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी आवडलं." मी सहा बटऱ्या पिशवीत घातल्या. म्हटलं, पुढच्या शनिवारी.

पुढच्या शनिवारी सांगणं जास्त कठीण होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. वर्षभराने तर कसं सांगणार? नऊ वर्षं मी त्या माणसाला दर शनिवारी सहा बटऱ्या दिल्या. गणपतीत त्यांच्या घरी जेवलो. वैद्यकाकूंच्या हातचे मोदक खाल्ले. काकूंनी मला पहिल्या दिवसापासून 'अरे सुरेश' केलं होतं.

मग माझी आई आजारी पडली, मी परत आलो, आणि वैद्यांशी संबंध सुटला.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानाच्या पायरीवर नऊवारी साडीतल्या एक बाई उभ्या राहिल्या. पांढरे केस, हातात कापडी पिशवी.

"सुरेश परब तूच ना रे? ओळखलंस का?"

आवाजावरून ओळखलं. वैद्यकाकू. निवृत्तीनंतर दोघं ठाकूरद्वारच्या जुन्या जागेत परतले होते. मुलगा त्याआधीच इथे येऊन स्थिरावला होता. वैद्यसाहेब जाऊन अकरा महिने झाले होते. कोणाकडून तरी काकूंना कळलं की ॲबर्डीनला राहिलेला एक माणूस दादरला तिथले पाव करतो.

"पुढच्या महिन्यात यांचं वर्षश्राद्ध आहे," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांना काही जात नव्हतं. एकदा म्हणाले, बटरी मिळाली असती तर खाल्ली असती. मी त्यांच्या पानावर बटरी वाढणार आहे. भटजी काय म्हणायचं ते म्हणू देत. मला सहा करून दे."

मी हो म्हटलं. श्राद्धाच्या पानावर! तरी हो म्हटलं. इथे मी चरबी वापरतच नाही, लोण्यात करून देईन आणि विषय संपेल, असं मनाशी धरलं.

घरी बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. तिला हे तोवर माहीत नव्हतं. ती मग म्हणाली, "नऊ वर्सां? आणि तू त्यांच्या घरात गणपतीक जेवलंस?" थोड्या वेळाने म्हणाली, "आता सांगा नको. म्हातारी बाई, एकटी. काय मिळतला सांगून? लोण्यात कर, मीठ वाढव आणि गप रव."

बटर आणि चरबी यांत फरक काय, हे थोडक्यात सांगतो. बटरमध्ये पाणी असतं. भट्टीत त्याची वाफ होते आणि पापुद्रे फुगतात. चरबीत पाणी नसतं. पापुद्रे फुगत नाहीत, दाताखाली मोडतात, आणि जिभेवर एक जाडसर खारेपणा राहतो. बटरची बटरी क्रॉसाँच्या वाटेने जाते. त्यात मुंबईची हवा, घडी घालेपर्यंत लोणी वितळतं. मी एसी सोळावर ठेवून, ओट्याखाली बर्फ लावून पहिला घाणा काढला.

काकूंनी दुकानातल्या बाकावर बसून एक तुकडा खाल्ला. "छान आहे. पण ही ती नाही."

दुसरा घाणा साजूक तुपात केला. "ही तर खारी झाली रे."

तिसऱ्यात लोणी, तूप आणि वनस्पती तिन्ही घातलं. मीठही वाढवलं. काकूंनी तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि सावकाश चावला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"सुरेश, तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस. बावीस वर्षं खाल्लीय मी. तिथे काहीतरी वेगळं घालत होतात. तेच घाल. महाग असेल तर असू दे, परदेशातून मागवावं लागलं तर मागव. पण त्यांच्या पानावर मला तीच हवी."

सुनंदा आतून माझ्याकडे बघत होती. मान हलवून नको म्हणत होती.

मी बाकावर काकूंच्या शेजारी बसलो. म्हटलं, "काकू, ते घालता येणार नाही."

"का?"

"तिथे डुकराची चरबी घालायचे."

त्यांना आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग त्यांनी हातातली बटरी बाकावर ठेवली. उठल्या, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या आणि चूळ भरली. पुन्हा भरली. पुन्हा भरली. त्या दिवशीच्या बटरीत लोणी, तूप आणि वनस्पतीशिवाय काही नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्या चूळ भरत राहिल्या. मी नळ चालू-बंद होताना ऐकत बसलो. 

पदराने तोंड पुसत त्या वळल्या. 

"यांना माहीत होतं?"

इथे मला पळवाट होती. माहीत नाही म्हणता आलं असतं.

"नाही काकू. त्यांनी मला विचारलं होतं. मी बटर म्हणून सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत कळलं. मग मी सांगितलं नाही."

"पंधरा दिवसांत कळलं," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तू नऊ वर्षं देत होतास."

"हो."

"निखिल लहान होता. त्याला मी माझ्या हाताने भरवली आहे."

त्यांनी पिशवी घेतली आणि पायरी उतरल्या. मी टॅक्सी बघू का म्हणून मागे गेलो. त्यांनी मागे न बघता हात वर केला, की येऊ नकोस.

सुनंदा एवढंच म्हणाली, "सांगितलंस तां बरा केलंस." आधी तीच नको म्हणत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

वर्षश्राद्धाची तारीख आली आणि गेली. मी फोन केला नाही. करायला तोंड नव्हतं.

त्यानंतर तीन-एक आठवड्यांनी एक पस्तिशीतली बाई दुकानात आली. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र तसंच होतं. "काका, मी प्रज्ञा. वैद्यांची सून. परळला राहतो आम्ही."

मला तिच्याविषयी थोडं ठाऊक होतं. पहिल्या दोन घाण्यांच्या वेळी काकू बाकावर बसून बोलल्या होत्या. निखिलने हॉस्पिटलातल्या लॅबमधल्या मुलीशी लग्न केलं. मुलगी नायगावची, चाळीत वाढलेली, बौद्ध कुटुंबातली. लग्नाला सात वर्षं झाली. सात वर्षांत काकूंनी मुलाच्या घरी पाणी सोडून काही घेतलं नव्हतं. जाताना स्वतःचा डबा न्यायच्या. "त्यांच्याकडे मासे होतात ना रे," असं म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली होती. मासे तर माझ्याकडेही होतात, आणि काकू माझ्या दुकानातला चहा पीत होत्या. पण तेव्हा मी तेही बोललो नाही.

प्रज्ञा म्हणाली, "परवा रविवारी सकाळी आई न सांगता आल्या. हातात डबा नाही. आम्ही नाश्त्याला बसलो होतो, उसळपाव होता. त्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, मला वाढ. काका, माझ्या हातातून डाव पडला. निखिल तर उठून उभाच राहिला. मी म्हटलं, आई, तुमच्यासाठी वेगळं करते. म्हणाल्या, नको, हेच. दोनदा घेतलं त्यांनी. मी आत जाऊन रडले."

मी काउंटर पुसू लागलो.

"विचारलं तर काही सांगत नाहीत. एवढंच म्हणाल्या की दादरच्या बेकरीवाल्या परबाकडे गेले होते. तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?"

ती इतकी खूश होती. सात वर्षांनी तिच्या घरात सासू जेवली होती. आणि सांगायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क काकूंचा होता.

"काही नाही गं," मी म्हटलं. "एका पावाची कृती सांगितली."

ती हसली आणि दोन दालचिनीचे रोल घेऊन गेली. पुन्हा एकदा विचारलेल्या प्रश्नाला मी पुरतं उत्तर दिलं नव्हतं. रोल बांधताना हे माझ्या लक्षात आलं, आणि दिवसभर मन थाऱ्यावर नव्हतं.

या वर्षी तुमच्या दिवाळी अंकाकडून कामाच्या आठवणी लिहा म्हणून विचारणा झाली. लिहायचं तर हेच, असं मनात आलं. पण काकूंना विचारल्याशिवाय लिहिणार नव्हतो. धीर करून ठाकूरद्वारला गेलो. दोन वर्षांनी भेटत होतो. काकूंनी दार उघडलं, आत घेतलं, चहा ठेवला.

"तुला माफ केलंय असं समजू नकोस," कप पुढे करत त्या म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा मला माझाच राग जास्त आला, एवढंच. बावीस वर्षं शनिवारी सकाळी तसलं खात होते आणि मुलाच्या घरी डबा नेत होते. वर्षश्राद्धाला पानावर अळूवड्या वाढल्या आणि त्यांच्या फोटोकडे बघवेना. मग म्हटलं, आता कसला डबा?"

मी लेखाचं सांगितलं. 

"लिही. नावं बदल. तुझं वागणं मात्र गुळमुळीत करू नकोस. आणि आठ दिवस थांब. छापून आल्यावर प्रज्ञाला कळायला नको. मी तिला आधी सांगते."

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.  त्यांनी सांगितलं ते असं.

परळच्या घरी प्रज्ञाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चरबीचं ऐकून ती हसली नाही, तिला किळसही आली नाही. तिने एकच विचारलं. "म्हणजे आई, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे जेवलात ते मी तुमची वाटले म्हणून नाही. तुम्ही आधीच बाटलात असं तुम्हाला वाटलं म्हणून."

 दोन वर्षं मी हाच शेवट गोड समजत होतो. माझ्या एका कबुलीने एक घर सांधलं गेलं, असं सुनंदाला दोन-तीनदा सांगूनही झालं होतं. या मुलीला काय वाटेल हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"तुम्ही काय म्हणालात काकू?"

"काय म्हणणार? खरं तेच होतं. मी म्हटलं, हो. तेव्हा तसंच होतं."

प्रज्ञा उठून आत गेली. त्या आठवड्यात तिचा रोजचा फोन आला नाही. निखिलने केला, पण तिच्याविषयी तोही काही बोलला नाही. रविवारी सकाळी काकू परळला गेल्या.  दार उघडेल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दार प्रज्ञानेच उघडलं. "या" म्हणाली नाही, पण बाजूला झाली. काकू टेबलाशी जाऊन बसल्या. ती म्हणाली, "तिथे नाही. आज मी काही केलेलं नाही. तुम्ही करा. माझ्या स्वयंपाकघरात. मी बसून खाणार आहे."

सात आणि दोन नऊ वर्षांत काकूंनी त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या आत गेल्या. ओट्यावर भाजणीचा डबा काढून ठेवलेला होता. फ्रीजजवळ साफ केलेले बोंबील होते, दुपारसाठी. काकूंनी पदर खोचला, परातीत भाजणी घेतली, कांदा चिरला, पीठ भिजवलं. प्रज्ञा दारात स्टूल ओढून बसली होती आणि बघत होती.

"तवा कुठला घेऊ गं?" काकूंनी विचारलं.

"एकच आहे," प्रज्ञा म्हणाली.

काकूंनी तो गॅसवर ठेवला.